संख्याशास्त्रज्ञाचें शहाणपण आणि यंत्र



१९३८ सालच्या जानेवारींत कलकत्त्यास भारतीय संख्याशास्त्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. अध्यक्ष होते इंग्लंडचे सुप्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर. आपल्या भाषणांत त्यांनीं असें मत मांडलें कीं, प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला घेणें हें पुष्कळदां प्रेताची तपासणी करविण्यासारखें असतें. प्रयोग कोणत्या रोगानें मेला एवढें फार तर तो सांगूं शकेल.

या बोलण्यांतील विनोद बाजूस ठेवला तरी एक अडचण शिल्लक राहतेच. शेतकीखात्यांत, रुग्णालयांत, कारखान्यांत आणि विद्यापीठांत आंकडे गोळा करणारे लोक हजारों. आणि त्या आंकड्यांतून खरें काय व भास काय हें निवडण्याची विद्या ज्याच्या अंगीं मुरली आहे, असा मनुष्य त्यांत एखादाच. हा एकटा मनुष्य हजारोंच्या दारीं, आणि तोहि वेळेवर, कसा पोहोंचावा? विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशांत कांहीं विद्वानांनीं या अडचणीवर एक धाडसी तोड काढली. संख्याशास्त्रज्ञाला दारीं जातां येत नसेल, तर त्याचें शहाणपण यंत्रांत भरून तें यंत्रच दारोदार पाठवावें, अशी ती तोड. त्या प्रयत्नाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. फिशर १९१९ सालीं इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील शेतकी-संशोधन केंद्रांत दाखल झाले. तेथें त्यांच्या हाताशीं 'मिल्यनेर' नांवाचें, हातानें दांडा फिरवून चालवावयाचें गणकयंत्र असे. १९२५ सालीं त्यांनीं संशोधकांकरितां संख्याशास्त्रीय रीतींचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत अवघड सिद्धता गाळून कृति आणि कोष्टकें दिलीं होतीं. तज्ज्ञाचें ज्ञान अतज्ज्ञाच्या हातीं सोंपविण्याचाच तो प्रयत्न होय. परंतु त्या काळीं एका बऱ्याशा उदाहरणाला दिवसचे दिवस लागत, आणि त्या श्रमांतच एक प्रकारचें संरक्षण होतें. ज्या आंकड्यांची बेरीज मनुष्य स्वतःच्या हातानें करतो, त्यांतला एखादा वेडावांकडा आंकडा त्याच्या नजरेस खुपल्यावांचून राहत नाहीं. पुढें संगणक आला आणि हें संरक्षण गेलें. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकन विद्यापीठांतून संख्याशास्त्राच्या तयार आज्ञावल्या बाहेर पडूं लागल्या. त्यांपैकीं एस्. पी. एस्. एस्. ही १९६८ सालीं स्टॅनफर्ड येथें जन्मली व पुढें जगभर पसरली. आंकडे आंत घालावे, चार आज्ञा द्याव्या, कीं दशांशचिन्हापुढील सहा-सहा स्थळांपर्यंत उत्तरें बाहेर पडत. तीं उत्तरें विचारण्याजोगीं होतीं किंवा नव्हतीं, हें सांगणें आज्ञावलीच्या कामांत मोडत नव्हतें.

मी शाळामास्तर, माझें बहुतेक आयुष्य त्रैराशिक आणि व्याजाचीं उदाहरणें शिकविण्यांत गेलें. गुणाकारांत हातचा विसरणाऱ्या मुलाची मला कधीं चिंता वाटली नाहीं. चिंता वाटे ती गुणाकार-भागाकार बिनचूक करणाऱ्या, पण उदाहरण वाचून होतांच 'गुरुजी, यांत गुणूं कीं भागूं?' असें विचारणाऱ्या मुलाची. संगणकानें मोठमोठ्या विद्वानांनाहि या दुसऱ्या मुलाच्या शेजारीं आणून बसविलें.

यांतील धोका किती, हें येल विद्यापीठांतील फ्रँक अ‍ॅन्स्कोम यांनीं १९७३ सालीं एका छोट्याशा निबंधांत दाखवून दिलें. त्यांनीं आंकड्यांचे चार संच तयार केले. प्रत्येकांत अकरा-अकरा जोड्या. चारहि संचांत पहिल्या राशीची सरासरी ९, दुसरीची ७॥. दोहोंमधील सहसंबंधाचा अंक सुमारें ०.८२, आणि आंकड्यांतून जाणारी सर्वांत जवळची सरळ रेषा काढली तर तीहि चारहि ठिकाणीं एकच. संगणकानें छापलेले कागद शेजारीं शेजारीं ठेवले, तर चारी संच म्हणजे चुळीं भावंडें वाटावींत. पण तेच बिंदु आलेखाच्या कागदावर मांडून पाहा. पहिल्या संचांत बिंदु रेषेभोंवतीं साधारण विखुरलेले दिसतात. तेथें रेषा शोभते. दुसऱ्यांत ते स्वच्छ कमानीसारखे वांकलेले आहेत; तेथें सरळ रेषा काढणेंच चूक. तिसऱ्यांत दहा बिंदु एका ओळींत असून एकच उनाड बिंदु रेषेला आपल्याकडे ओढतो. चौथ्यांत तर दहा बिंदूंची पहिली राशि ८ च आहे आणि अकरावा एकटा १९ वर उभा आहे; सारी रेषा त्या एकट्याच्या आधारावर उभी! जाणत्या मनुष्याच्या हें एका दृष्टिक्षेपांत ध्यानीं येतें. प्रश्न असा कीं, हा दृष्टिक्षेप यंत्राला शिकवितां येईल काय? (जातां जातां एक गंमत सांगतों. आंकड्यांकडे डोळ्यांनीं पाहण्याचा धडा ज्यांनीं या शास्त्राला सर्वांत आग्रहानें शिकविला, ते प्रिन्स्टनचे जॉन टुकी हे अ‍ॅन्स्कोम यांचे साडू होते. दोन सख्ख्या बहिणींच्या वांट्याला एकाच मताचे दोन संख्याशास्त्रज्ञ यावे, हा योग दुर्मिळच.)

यंत्राला शिकवितां येईल असें वाटण्यास त्या काळीं सबळ कारण होतें. स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९६५ सालापासून एडवर्ड फायगेनबॉम, जोशुआ लेडरबर्ग व त्यांचे सहकारी 'डेन्ड्रल' नांवाची एक प्रणाली रचीत होते. रसायनशास्त्रज्ञ ज्या आडाख्यांनीं एखाद्या द्रव्याच्या रेणूची घडण ओळखतो, ते आडाखे त्यांनीं संगणकांत घातले. पुढें त्याच विद्यापीठांत एडवर्ड शॉर्टलिफ यांनीं 'मायसिन' ही प्रणाली तयार केली. रक्तांतील जंतुसंसर्ग व मेंदूच्या आवरणाचा दाह यांवर कोणतें औषध द्यावें, हें ती सांगे. तिच्या पोटांत सुमारें पांचशें नियम होते आणि प्रत्येक नियमाचा सांगाडा एकच: अमुक लक्षणें असतील तर अमुक अनुमान करावें, व तें इतक्या विश्वासानें करावें. वैद्याला ती प्रश्न विचारी. आणि वैद्यानें उलट 'हें कशासाठीं विचारतेस?' असें पुसलें, तर कोणत्या नियमामुळें विचारतें तेंहि ती सांगे. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत तिचा सल्ला तेथील तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याच्या तोडीचा ठरला. नित्याच्या रुग्णसेवेंत मात्र ती कधींच दाखल झाली नाहीं. तरीहि जें वैद्यकांत साधलें तें संख्याशास्त्रांत कां साधूं नये, अशी उमेद उत्पन्न होणें स्वाभाविक होतें.

ही उमेद प्रत्यक्षांत उतरविण्याचें काम अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत दोघांनीं अंगावर घेतलें. विल्यम गेल आणि डॅरिल प्रेगिबन हीं त्यांचीं नांवें. प्रेगिबन हे संख्याशास्त्रज्ञ. रेषेच्या गणितांत कोणता बिंदु घात करतो हें हुडकण्याच्या कसोट्यांवर त्यांनीं नुकताच महत्त्वाचा निबंध लिहिलेला होता. गेल यांनीं त्यांना शेजारीं बसवून घेतलें. प्रेगिबन यांनीं कांहीं निवडक उदाहरणें सोडवावींत, आणि प्रत्येक पायरीला आपण काय पाहिलें, काय शंका आली, कोणता उपाय केला, हें स्पष्ट करावें. त्यावरून नियम बांधावे. नवें उदाहरण घेऊन ते नियम कसाला लावावे. आणि जेथें मोडतील तेथें दुरुस्त करावे, असा तो क्रम होता. त्यांतून १९८२ सालीं 'रेक्स' ही प्रणाली पुढें आली. एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधणारी रेषा काढण्याच्या ज्या रीतीला रिग्रेशन म्हणतात, तेवढेंच तिचें क्षेत्र. तिचें अनुमान करणारें अंग लिस्प भाषेंत लिहिलेलें होतें, आणि आंकडेमोड करणारें अंग म्हणजे त्याच प्रयोगशाळेंत जॉन चेंबर्स प्रभृतींनीं घडविलेली 'एस' ही संख्याशास्त्रीय भाषा होती. एक अंग मुनीम, दुसरें हिशेबनीस!

रेक्स काम कसें करी, हें थोडक्यांत पाहूं. नवख्या मनुष्यानें आपल्या आंकड्यांचे दोन स्तंभ तिच्या हवालीं करावे. रेषेचें गणित विश्वसनीय ठरण्यास ज्या ज्या गोष्टी खऱ्या असाव्या लागतात, त्या ती एकामागून एक तपाशी. बिंदूंचा कल खरोखर सरळ आहे काय? रेषेपासून होणारी त्यांची चढउतार सर्वत्र सारखी आहे, कीं एका टोंकाला पंख्यासारखी पसरत जाते? एखादाच बिंदु सर्वांवर अंमल गाजवीत नाहीं ना? दोष आढळला कीं ती थांबे, आलेख पुढें करी आणि उपाय सुचवी, उदाहरणार्थ मूळ संख्यांच्या ऐवजीं त्यांचे लॉगॅरिथम घ्यावे. उपाय स्वीकारावा कीं नाहीं, हें विचारून मगच ती पुढें जाई. परिभाषेंतील एखादा शब्द अडला तर त्याचा अर्थ सांगण्यास तिच्याजवळ लहानसा कोश होता, आणि शेवटीं सर्व हकीकतीचा गोषवारा ती लिहून देई. अ‍ॅन्स्कोम यांच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या संचांत जे दोष मुद्दाम पेरलेले आहेत, ते नेमके याच जातीचे होत.

आतां या हकीकतींतील खरी मनोरंजक गोष्ट येते. गेल-प्रेगिबन यांना नियम लिहिणें जड गेलें नाहीं; जड गेलें तें नियमांचा क्रम ठरविणें. आधीं उनाड बिंदु काढावा कीं आधीं राशीचें रूपांतर करावें? कारण बिंदु काढला तर रूपांतराची गरज राहत नाहीं, आणि रूपांतर केलें तर तोच बिंदु सालस होऊन ओळींत येऊन बसतो! शंभर वर्षें शिकविल्या जाणाऱ्या या शास्त्रांत कसोट्यांविषयीं ग्रंथामागून ग्रंथ होते. पण कोणती कसोटी केव्हां लावावी, कोणत्या उत्तरावर थांबावें, यासंबंधीं लिखित असें फारच थोडें होतें. तें ज्ञान हातांत होतें, पुस्तकांत नव्हतें. यंत्राला शिकवावयास बसल्यावर गुरुजनांना प्रथमच उमगलें कीं, आपण शिष्यांना एवढी वर्षें काय शिकविलें नाहीं. 'संख्याशास्त्रीय धोरण' या नांवानें हा विषय पुढें अभ्यासिला जाऊं लागला. माझ्या मतें रेक्सचा सर्वांत मोठा उपकार हाच. स्वतः रेक्स बेल प्रयोगशाळेबाहेर फारशी गेली नाहीं; 'हें शक्य आहे' एवढें दाखविण्यापुरताच तिचा अवतार होता. गेल यांनीं नंतर 'स्टुडंट' नांवाची दुसरी प्रणाली हातीं घेतली. संख्याशास्त्रज्ञानें उदाहरणें करून दाखवावींत आणि तीं पाहून यंत्रानें धोरण स्वतः उचलावें, असा तिचा हेतु होता. नियम पढविण्याकडून उदाहरणावरून शिकण्याकडे पडलेलें हें पाऊल ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

याच सुमारास इतरत्रहि हालचाल चालू होती. स्टॅनफर्डचे रॉबर्ट ब्लम यांनीं १९८२ सालीं 'आर-एक्स' या आपल्या प्रकल्पाचें वर्णन प्रसिद्ध केलें. संधिवाताच्या रोग्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी चाळून यंत्रानें स्वतःच तर्क उभा करावा आणि स्वतःच त्याची संख्याशास्त्रीय तपासणी करावी, अशी ही महत्त्वाकांक्षी योजना. प्रेडनिसोन या औषधानें रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढतें, हा कार्यकारणसंबंध तिनें पुढें मांडला. येथें धोका असा कीं, मूत्रपिंडाच्या कांहीं विकारांतहि कोलेस्टेरॉल वाढतें, आणि त्या विकारावर हेंच औषध देतात. मग दोष औषधाचा कीं रोगाचा? हा गुंता सोडविण्यास नुसतें गणित पुरत नाहीं, वैद्यक लागतें. म्हणूनच ब्लम यांना वैद्यकाचें ज्ञानहि यंत्रांत निराळें भरावें लागलें. इंग्लंडांत जॉन नेल्डर यांच्या प्रेरणेनें 'ग्लिम्प्स' ही प्रणाली झाली. नेल्डर हे १९८४ पर्यंत रॉथॅमस्टेड येथें, म्हणजे फिशर यांच्याच कर्मभूमींत, संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या प्रणालीचा स्वभाव मला अधिक रुचतो. ती शिष्याचा हात धरून ओढीत नाहीं. ज्याला वाट ठाऊक आहे त्यानें आपल्या वाटेनें जावें, आणि अडेल तेथें सल्ला मागावा. आपल्या देशांतहि १९८६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें ज्ञानाधिष्ठित संगणक-प्रणालींचें काम निरनिराळ्या केंद्रांवर सुरू झालें; त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा समावेश होता.

१९८५ सालीं प्रिन्स्टन येथें कृत्रिम बुद्धि आणि संख्याशास्त्र या दोन शास्त्रांच्या उपासकांची एक बैठक भरली. तेथील निबंधांचा ग्रंथ पुढील वर्षीं गेल यांनीं संपादून प्रसिद्ध केला. त्यांत वृद्ध टुकींचाहि लेख आहे. त्या काळीं एक भीति अनेकांच्या मनांत होती. अर्धवट ज्ञान असलेल्या मनुष्याला ही प्रणाली सुधारील, कीं त्याच्या चुकांवर तज्ज्ञाच्या सहीचा शिक्का मारील? ही भीति पोकळ नव्हती. आंकड्यांच्या आधारें औषध चांगलें ठरतें, बियाणें निवडलें जातें, शिक्षेचे व मदतीचे निकाल लागतात. कागदावर 'तज्ज्ञ-प्रणालीनें तपासलें' असें उमटलें कीं शंका काढणारा गप्प बसतो, आणि किंमत देतो तो तिसराच कोणी.

लंडनचे डेव्हिड हँड हे या विषयाचे आरंभापासूनचे अभ्यासक. स्वतः प्रणाली रचूनहि त्यांचें लक्ष हळूहळू दुसरीकडे वळलें. १९९४ सालीं रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, संख्याशास्त्रांतील पुष्कळसे प्रमाद चुकीच्या गणितानें होत नाहींत, तर मुळांत प्रश्नच नीट न मांडल्यामुळें होतात. संख्याशास्त्राचा विद्यार्थी दोन प्रकारच्या चुका शिकतो: नसलेला फरक आहे म्हणणें, आणि असलेला फरक नाहीं म्हणणें. किंबॉल नांवाच्या संख्याशास्त्रज्ञानें १९५७ सालींच त्यांत तिसरीची भर घातली होती. ती म्हणजे भलत्याच प्रश्नाला बरोबर उत्तर देणें. रेक्सपाशीं या तिसऱ्या चुकीवर औषध नव्हतें. तिच्या दृष्टीनें एक स्तंभ म्हणजे एक स्तंभ; त्यांत पावसाचे इंच आहेत कीं रोग्यांच्या नाडीचे ठोके, हें तिला ठाऊक नव्हतें. अनुभवी सल्लागार पहिला अर्धा तास आंकड्यांकडे पाहतहि नाहीं. हे आंकडे कोणीं घेतले, मधले गाळले कां, आणि मुळांत जाणून काय घ्यावयाचें आहे, असेंच तो विचारीत बसतो. या प्रश्नांचीं उत्तरें कधीं शेतींत, कधीं रुग्णालयांत, कधीं कारकुनाच्या आळसांत दडलेलीं असतात. त्यांचे नियम लिहावयाचे तर सारा संसारच लिहावा लागेल.

१९८७ च्या सुमारास तज्ज्ञ-प्रणालींचा बाजार एकंदरच बसला. लिस्प भाषेसाठीं खास बांधलेलीं महागडीं यंत्रें कोणी घेईना. जपाननें १९८२ सालीं मोठ्या थाटानें सुरू केलेला 'पांचव्या पिढी'च्या संगणकांचा प्रकल्पहि दहा वर्षांनीं गुंडाळला गेला. संख्याशास्त्रांतील प्रणाली त्याच ओहोटींत मागें पडल्या. मागें राहिल्या त्या फुटकळ सूचना. आज एखादी आज्ञावली रिग्रेशन केल्यावर 'हा बिंदु संशयास्पद आहे' म्हणून आलेख पुढें करते, तेव्हां तिच्यांत रेक्सच्या पिढीचा अंश उतरलेला असतो.

स्वतः गेल यांचें पुढें काय झालें, हें मोठें बोधप्रद आहे. ते आपले सहकारी केनेथ चर्च यांच्यासमवेत भाषांच्या अभ्यासाकडे वळले. कॅनडाच्या संसदेचा वृत्तान्त इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत छापला जातो. त्यांतील कोणतें इंग्रजी वाक्य कोणत्या फ्रेंच वाक्याचें भाषांतर, हें ठरविण्याची एक रीति त्यांनीं १९९१ सालीं मांडली. तींत व्याकरणाचा एक नियम नाहीं, शब्दकोश नाहीं. लांब वाक्याचें भाषांतर बहुधा लांब होतें आणि आंखुडाचें आंखूड, एवढ्या एका निरीक्षणावर व अक्षरांच्या मोजदादीवर ती चालते. आणि चालते उत्तम. ज्या मनुष्यानें नियमांची यंत्रणा संख्याशास्त्राच्या चाकरीला लावूं पाहिली, त्यानेंच पुढें संख्याशास्त्राला यंत्राच्या चाकरीला लावलें. आज मनुष्याशीं संभाषण करणाऱ्या ज्या संगणक-प्रणालींचा बोलबाला आहे, त्या या दुसऱ्या घराण्यांतल्या. प्रिन्स्टनची ती बैठकहि बंद पडली नाहीं. त्याच जोडनांवाची परिषद आतां दरसाल भरते. पण तींतील निबंध पाहावे तर संख्याशास्त्रज्ञाला मदत करणाऱ्या यंत्राविषयीं क्वचित्, आणि संख्याशास्त्राच्या बळावर शिकणाऱ्या यंत्राविषयीं बहुतेक.

जुनें स्वप्न अगदींच विझलें आहे असेंहि नाहीं. २०१४ सालीं केंब्रिज व मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनीं 'स्वयंचलित संख्याशास्त्रज्ञ' या नांवाची प्रणाली प्रसिद्ध केली. तिला कालक्रमानें मांडलेले आंकडे द्यावे. त्यांत कोणकोणत्या प्रवृत्ति मिसळल्या आहेत हें ती शोधते आणि साध्या इंग्रजींत अहवाल लिहिते. तिला सूर्यापासून येणाऱ्या प्रकाशशक्तीचे १६१० पासूनचे वार्षिक आंकडे देण्यांत आले होते. सुमारें अकरा वर्षांची भरती-ओहोटी तिनें ओळखली. आणि १६४३ पासून १७१६ पर्यंत ही भरती-ओहोटी थांबलेली असून आंकडे एका पातळीवर राहिले आहेत, असेंहि तिनें नमूद केलें. सुमारें १६४५ ते १७१५ या काळांत सूर्यावरील डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते, आणि मॉण्डर या इंग्रज ज्योतिर्विदाच्या नांवानें तो काळ ओळखला जातो. अहवालांत सनें आहेत, मॉण्डरचें नांव नाहीं. तें अहवाल वाचणाऱ्या संशोधकांनीं बाजूस लिहिलें.